पहिला एअरब्रश घेताना आणि वापरताना

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे रंगवणारी, प्लॅस्टिकची विमाने आणि रणगाडे जोडणारी किंवा घरी शाडूची मूर्ती घडवणारी मंडळी साताऱ्यात कमी नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना कुंचल्याची मर्यादा एकाच ठिकाणी जाणवते, ती म्हणजे एका छटेतून दुसऱ्या छटेत अलगद जाण्याची. गणपतीच्या कारखान्यात सोंडेच्या वळणावर किंवा पितांबराच्या चुण्यांत जे शेडिंग दिसते ते कुंचल्याने जवळपास अशक्य असते, आणि तिथूनच एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचे तुषार उडवणारे छोटे हत्यार, घेण्याचा विचार सुरू होतो. मग सगळे लक्ष एअरब्रशच्या मॉडेलकडे लागते आणि कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारे यंत्र), रंगाचा पातळपणा व सफाई या तीन गोष्टी उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात उरकल्या जातात. हा क्रम उलटा आहे. साधा एअरब्रश चांगल्या हवेवर नीट चालतो, पण महागडा एअरब्रश वाईट हवेवर चालत नाही. म्हणून खर्चाचा मोठा वाटा कॉम्प्रेसरसाठी राखून ठेवावा आणि उरलेल्यात एअरब्रश बसवावा.

एअरब्रशची निवड

एअरब्रशच्या टोकाशी एक बारीक नोझल असते आणि तिच्यात निमुळती सुई बसलेली असते. सुई पुढे असते तेव्हा नोझल बंद असते. ती मागे सरकली की सुई आणि नोझल यांच्यामध्ये फट पडते. नोझलभोवतून वेगाने बाहेर पडणाऱ्या हवेमुळे तिच्या तोंडाशी दाब कमी होतो, त्या फटीतून रंग ओढला जातो आणि हवेत त्याचे सूक्ष्म तुषार होतात. एवढी रचना ध्यानात ठेवली की निवडीचे आणि पुढे दुरुस्तीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

बाजारात सिंगल अ‍ॅक्शन आणि ड्युअल अ‍ॅक्शन असे दोन मुख्य प्रकार मिळतात. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदम येतात आणि रंगाचे प्रमाण वेगळ्या स्क्रूने आधीच ठरवावे लागते. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबल्यावर हवा येते आणि तोच मागे ओढल्यावर रंग येतो, त्यामुळे रेघ मारता मारता ती बारीक किंवा जाड करता येते. सिंगल अ‍ॅक्शन शिकायला सोपा असतो हे खरे, परंतु ज्या छटांसाठी हा खटाटोप करायचा त्याच त्यात अवघड जातात, म्हणून नवशिक्यानेही थेट ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावा.

रंगाचा कप वर असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीडचा एअरब्रश घ्यावा. त्यात रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, कमी दाब पुरतो, थोड्याशा रंगातही काम होते आणि धुण्याचे भागही कमी असतात. खाली बाटली लावण्याचा सायफन प्रकार एकच रंग भरपूर मारायचा असेल तेव्हा उपयोगी पडतो. हौशी कामात असा प्रसंग क्वचितच येतो.

नोझलच्या छिद्राचा आकार मिलिमीटरमध्ये देतात. ०.२ ची नोझल बारीक कामाची असते, पण नवशिक्याच्या हाती ती सतत तुंबते. ०.५ ची नोझल प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), वॉर्निश, चमकीचे रंग आणि मोठ्या मूर्तीचा पाया यांसाठी उत्तम असते. पहिल्या एअरब्रशसाठी ०.३ घ्यावी, कारण तिच्याने हातभर मूर्तीचे शेडिंगही होते आणि मावळ्याच्या पागोट्याची कडाही काढता येते. ज्याला मुख्यतः मूर्तीच रंगवायच्या आहेत त्याने मात्र ०.५ चा विचार जरूर करावा.

जपानी इवाटा, जर्मन हार्डर अँड स्टीनबेक आणि अमेरिकन बॅजर ही या क्षेत्रातली जुनी नावे आहेत. त्यांची किंमत जास्त असते, पण सुटे भाग क्रमांकानुसार मागवता येतात. बिननावाचे चिनी एअरब्रश त्यांच्या काही पटींनी स्वस्त मिळतात आणि हात बसवायला पुरतात; अडचण एवढीच की एका नगाची नोझल दुसऱ्या नगाला बसेलच असे नाही. म्हणून स्वस्त एअरब्रश घ्यायचा असेल तर त्याच विक्रेत्याकडून त्याच मापाची एक जादा सुई, एक जादा नोझल आणि नोझलचा छोटा पाना त्याच वेळी मागवावा. सुई आणि नोझल यांचे माप जुळलेच पाहिजे, ०.३ च्या नोझलमध्ये ०.५ ची सुई घालून चालत नाही. स्वस्त एअरब्रशची नोझल बहुधा अतिशय बारीक आट्यांची असते आणि ती जोर लावून आवळली की मोडते, तेव्हा पाना दोन बोटांनी धरावा आणि नोझल टेकली की थांबावे.

हवेची सोय

पहिला कॉम्प्रेसर लहान, तेलविरहित, पिस्टनचा आणि टाकी असलेला घ्यावा. एक पंचमांश अश्वशक्तीची मोटर आणि ३ लिटरची टाकी ही हौशी कामाची रुळलेली जोडी आहे. टाकी नसलेल्या स्वस्त पंपाची हवा पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर धडधडत येते आणि ती धडधड रेघेत उमटते. टाकीमुळे हवा सपाट येते, शिवाय ठरावीक दाबाला मोटर आपोआप बंद होत असल्याने ती सारखी तापत नाही. कॉम्प्रेसरवर दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, दाब दाखवणारा गेज, पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या चारही गोष्टी असल्याची खात्री करून घ्यावी. बहुतेक जपानी आणि चिनी एअरब्रशना १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांची नळी लागते, पण काही अमेरिकन कंपन्यांच्या आट्या वेगळ्या असतात, म्हणून एअरब्रश आणि नळी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेताना हे आधी विचारावे. जोड कुठे गळतो आहे हे पाहायचे असेल तर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात.

काटकसरीचे काही मार्ग सर्रास सुचवले जातात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून हवा भरलेली ट्यूब आणून तीवर एअरब्रश चालवता येतो, पण दाब सतत उतरत जातो आणि त्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतात. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेला असतो आणि लवकर तापतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर खरोखर शांत चालतो आणि जाणत्या कारागिराने टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तेलाचा फिल्टर लावून दिला तर वर्षानुवर्षे सेवा देतो; मात्र त्यातला गॅस काढणे हे फ्रिज मेकॅनिकचेच काम आहे, आणि प्लॅस्टिकचा पाइप किंवा सापडेल तो डबा टाकी म्हणून जोडणे हे उघडउघड धोक्याचे आहे. पहिली खरेदी म्हणून मी यांपैकी काहीही सुचवणार नाही. एअरब्रशलाच चिकटणारा चार्जिंगचा छोटा पंप लहान प्रतिकृतींपुरता ठीक आहे, पण अशा अनेक पंपांत दाब नेमका बदलता येत नाही आणि वजन हातात राहते.

वीज गेल्यावर टाकीतल्या हवेवर काम पुरे करू, असा हिशेब काहीजण मांडतात. ३ लिटरच्या टाकीत ४ बार दाब असला आणि तो दीड बारपर्यंत उतरेपर्यंत वापरता आला, तरी मोकळ्या हवेच्या मापाने साडेसात लिटरच हवा मिळते, आणि एअरब्रशला मिनिटाला साधारण १० लिटर किंवा त्याहून जास्त हवा लागते. म्हणजे हाती मिनिटभरही उरत नाही. ती हवा रंग मारण्यात न घालवता कपातला रंग काढून एअरब्रश धुण्यासाठी वापरावी. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर ही मोटर चालताना १५० वॉटच्या आसपास वीज घेत असली तरी सुरू होताना क्षणभर तिच्या काही पट घेते, हे लक्षात ठेवावे.

साताऱ्यात पाण्याचा प्रश्न विशेष करून आषाढ-श्रावणात येतो, आणि नेमका तोच गणपती रंगवण्याचा काळ असतो. दमट हवा दाबली की तापते, टाकीत आणि नळीत पुन्हा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. हे पाणी नळीतून एअरब्रशपर्यंत पोहोचले की ओल्या रंगावर थेंब उडतो आणि तयार होत आलेले शेडिंग बिघडते. त्यासाठी नळी निदान तीन मीटर लांब ठेवावी, पावसाळ्यात एअरब्रशच्या बुडाशी बसणारा आणखी एक छोटा ट्रॅप लावावा, आणि काम संपल्यावर टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी सोडून द्यावे. हा नळ महिनोन्‌महिने न उघडल्यास टाकी आतून गंजते.

रंग आणि त्याचा पातळपणा

सुरुवात पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी करावी. वालेहो मॉडेल एअरसारखे एअरब्रशसाठीच बनवलेले रंग बाटलीतून जवळजवळ थेट वापरता येतात, मात्र ते मागवावे लागतात. मोती चौकाकडे स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारे कॅमलिन किंवा फेव्हिक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग कुंचल्यासाठी केलेले, जाड असतात; तेही चालतात, पण पातळ करून आणि गाळून. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असते आणि त्याला त्याच कंपनीचे थिनर वापरणे बरे. एनॅमल आणि लॅकर यांच्या वाफा ज्वलनशील आणि आरोग्याला घातक असल्याने घरातल्या पहिल्या प्रयोगांसाठी ते टाळावेत. कारखान्यात मोठ्या गनने मारतात तो डिस्टेंपर ०.३ च्या नोझलमध्ये घालू नये.

रंग पातळ करणे हे या कलेतले सगळ्यांत कठीण काम आहे आणि त्याचे ठाम प्रमाण कोणी देऊ शकत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा, इतकेच काय प्रत्येक रंगाचा जाडपणा वेगळा असतो. जाड रंगासाठी एक भाग रंग आणि एक भाग थिनर इथून सुरुवात करावी आणि मिश्रण पातळ दुधासारखे होईपर्यंत थिनर थेंबाथेंबाने वाढवावे. वाटीच्या कडेला मिश्रण लावून पाहावे: ते सरसर खाली उतरून मागे पातळ, सलग पापुद्रा ठेवत असेल तर ठीक, ठिपके ठिपके होऊन फाटत असेल तर फार पातळ, आणि जागच्या जागी चिकटून राहत असेल तर जाड समजावे. निव्वळ पाण्याने खूप पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकवर टिकत नाही, कारण त्यातले बांधून ठेवणारे द्रव्य विरळ होते. म्हणून पाण्याबरोबर अ‍ॅक्रिलिक मीडियम (तेच बांधणारे द्रव्य, बिनरंगी) किंवा एअरब्रशचे थिनर वापरावे. मिश्रण वेगळ्या वाटीत करावे, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळावे आणि कपात आधी थिनरचे दोन थेंब सोडून मगच रंग ओतावा, म्हणजे जाड रंग नोझलच्या तोंडाशी आधी बसत नाही.

चैत्र-वैशाखातली कोरडी, गरम हवा अ‍ॅक्रिलिकला मानवत नाही. रंग सुईच्या टोकावरच वाळतो, धार अडखळते आणि अचानक एक जाड ठिपका उडतो. अशा वेळी मिश्रणात रिटार्डरचे, म्हणजे रंगाचे वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब घालावेत, दुपारऐवजी सकाळी काम करावे आणि थिनरमध्ये भिजवलेल्या मऊ कुंचल्याने सुईचे टोक अधूनमधून पुसत राहावे.

विसर्जन करायच्या मूर्तीबाबत वेगळा विचार करावा लागतो. अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे प्लॅस्टिकचाच पातळ पापुद्रा असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही मूर्तीसाठी नैसर्गिक माती आणि पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंग यांवरच भर आहे. तेव्हा अ‍ॅक्रिलिकचे प्रयोग किल्ल्याच्या मावळ्यांवर, प्रतिकृतींवर किंवा घरात कायम ठेवायच्या मूर्तीवर करावेत.

हात बसवणे

बसण्याची जागा खिडकीजवळ असावी आणि हवा आपल्याकडून बाहेर जाईल अशी सोय असावी. पाण्याच्या रंगांचे तुषारही फुप्फुसात जातात, त्यामुळे ते बिनवासाचे असले तरी एन-९५ मास्क लावावा. अल्कोहोल किंवा थिनर असलेल्या रंगांसाठी तो पुरत नाही; त्यांना वाफा शोषणारे कार्ट्रिजचे मास्क लागतात, आणि तेव्हा खोलीत गॅस, समई, उदबत्ती असे काहीही पेटते असता कामा नये. साधा एक्झॉस्ट पंखाही ठिणगी पाडू शकतो, म्हणून ज्वलनशील रंगांच्या वाफा त्यातून ओढू नयेत.

सुरुवातीला दाब १८ ते २० पीएसआय, म्हणजे साधारण सव्वा बारच्या थोडा वर ठेवावा. हा आकडा ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना पाहावा. हवा बंद असताना गेज जास्त दाब दाखवतो आणि तोच खरा समजून नवशिके गोंधळतात. बारीक कामाला दाब कमी आणि रंग अधिक पातळ, मोठ्या पृष्ठभागाला दाब थोडा जास्त आणि रंग थोडा जाड, असा ढोबळ नियम ठेवावा.

पहिले सराव रंगाने करूच नयेत. पाणी घातलेली काळी शाई किंवा खाण्याचा रंग घ्यावा, कारण तो नोझलमध्ये तुंबत नाही आणि सगळे लक्ष बोटाकडे राहते. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कोरी पाठ सरावाला चांगली. ट्रिगरचा क्रम असा असतो: आधी खाली दाबून हवा, मग मागे ओढून रंग, थांबताना आधी ट्रिगर पुढे नेऊन रंग बंद, मग वर सोडून हवा बंद. रंग चालू असतानाच हवा सोडली तर सुईच्या टोकावर रंगाचा थेंब राहतो आणि पुढच्या वेळी तो कागदावर फुटतो. निम्म्याहून अधिक डाग याच एका कारणाने पडतात, त्यामुळे हा क्रम न विचार करता बोटातून यायला लागेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

मग चौकटीच्या वहीचे पान घेऊन रेघा छेदतात तिथे एकेक ठिपका मारावा. ठिपका मधोमध पडू लागला की दोन ठिपके जोडणाऱ्या रेघा, नंतर जाड सुरू होऊन निमुळत्या संपणाऱ्या रेघा आणि शेवटी गडद ते फिकट असा सलग पट्टा, या क्रमाने जावे. हात रंग सुटण्याआधी हलू लागलेला असावा आणि रंग थांबल्यावरही क्षणभर हलत राहावा; हात थांबवून रंग सोडला की रेघेच्या दोन्ही टोकांना गाठ येते. बारीक रेघेसाठी एअरब्रश कागदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, पायाच्या थरासाठी दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरावा. हलणारा भाग मनगट नव्हे तर कोपरापासूनचा सगळा हात असावा, म्हणजे अंतर सारखे राहते. जवळ धरून जास्त रंग सोडल्यास ओला थेंब हवेनेच चहूकडे ढकलला जातो आणि त्याला ओघळ फुटतात. फार लांब धरल्यास रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते.

खरे पहिले काम म्हणून कुंभाराकडून न रंगवलेला मातीचा मावळा आणावा. बाजारातल्या रंगवलेल्या मावळ्यांवर चकचकीत थर असतो आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक नीट धरत नाही. धूळ झटकून सगळ्या मावळ्यावर गडद तपकिरी प्रायमर मारावा आणि तो पूर्ण वाळल्यावर वरून, तिरकस कोनातून पांढऱ्याचा हलका फवारा द्यावा. सूर्यप्रकाश जिथे पडला असता तिथे पांढरे बसते, हाताखाली आणि अंगरख्याच्या चुण्यांत तपकिरी राहते. यावर अंगाचा, अंगरख्याचा आणि पागोट्याचा रंग अत्यंत पातळ थरांत दिला की सावल्या खालून आपोआप दिसतात आणि वेगळे शेडिंग करावे लागत नाही. एका दाट थरापेक्षा तीन पातळ थर केव्हाही चांगले, आणि प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यावा. मिशा, डोळे आणि तलवारीची मूठ बारीक कुंचल्यानेच काढावी. गणपतीच्या कारखान्यातही शेडिंग हवेने झाले तरी डोळ्यांची आखणी हातानेच होते.

सफाई आणि बिघाड

एक रंग संपवून दुसरा घेताना कप रिकामा करावा, पुसावा, त्यात पाणी घालून फवारावे आणि नंतर टोकावर कापड धरून ट्रिगर हलकेच ओढावा. हवा उलटी कपात येऊन बुडबुडे निघतात आणि नोझलच्या आतला रंग सुटतो. फवारा स्वच्छ येईपर्यंत हे करावे. काम संपल्यावर पाण्यानंतर एअरब्रश क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल याच रीतीने फिरवावे, मग मागची मूठ काढून, सुईचा नट सैल करून सुई सरळ मागे ओढावी आणि ओल्या कापडात धरून टोकाच्या दिशेने पुसावी. टोकाकडून मागे पुसल्यास बोटही जाते आणि सुईही वाकते. नोझलमध्ये टाचणी किंवा तार घालू नये, तिचे तोंड फाकते. दातांच्या फटींचा बारीक ब्रश कप आणि अंतर्भागासाठी पुरतो. रबरी रिंगा थिनरमध्ये फुगतात, म्हणून सगळा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने केले तर आत क्षार साचत नाहीत.

बिघाड झाला की कारण टोकाकडून मागे शोधत जावे. हवा येते पण रंग येत नसेल तर टोकावर वाळलेला रंग पुसावा, मग नोझल धुवावी. रंग न ओढताही नुसत्या हवेबरोबर फवारा येत असेल तर सुई पूर्ण पुढे बसलेली नाही किंवा नोझलमध्ये कचरा आहे. कपात बुडबुडे येत असतील तर नोझल सैल आहे, तिला तडा गेला आहे किंवा तोंड तुंबले आहे. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकलेले असते. सुई नखावर टेकवून फिरवल्यास वाकडेपण लगेच कळते. किंचित वाकलेले टोक काचेसारख्या सपाट, कठीण पृष्ठभागावर फिरवत मागे ओढून सरळ करता येते, पण आकडा झालेली सुई बदलावी लागते. रेघ धडधडत येत असेल तर एअरब्रश उघडण्याआधी कॉम्प्रेसरचा दाब आणि ट्रॅपमधले पाणी पाहावे. ट्रिगर जड वाटत असेल तर त्याच्या दांड्याला एअरब्रशचे वंगण एक थेंब लावावे. शिलाई मशीनचे तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे रंगात मिसळला की त्या जागी रंग फाटतो, म्हणून ते दोन्ही दूर ठेवावेत.